नजर आधी कुठे जाते

माझ्या मुलीचं पहिलं बाळंतपण माझ्या घरी झालं नाही. आमच्यात पहिलं बाळंतपण माहेरीच होतं. माहेर एका खोलीचं असो, नाहीतर आई अंथरुणाला खिळलेली असो, पोटुशी मुलगी शेवटच्या महिन्यांत तिथेच येते आणि बाळ मान धरायला लागलं की सासरी जाते. गल्लीत कुणी विचारलं की माझे मिस्टर सांगतात, दवाखाना तिच्या सासरहून जवळ होता. ते खोटं आहे. दवाखाना आमच्या सातपूरहूनही तेवढाच लांब होता. खरं कारण माझा चेहरा होता, आणि ते मला मुलीनेच तोंडावर सांगितलं.

हे तिच्या डोक्यात कॉलेजात शिरलं. ती मानसशास्त्र घेऊन बी.ए. करत होती. एक दिवस प्रॅक्टिकल करून आली आणि चप्पल न काढताच स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. माझी शाळा चौथीत सुटली, म्हणून ती जे सांगते ते मी दोनदा विचारून घेते. त्याचा तिला नेहमी राग येतो. त्या दिवशी आला नाही, कारण तिला स्वतःलाच ते पुन्हा पुन्हा बोलायचं होतं.

कॉम्प्युटरवर म्हणे दोन चेहरे येतात, शेजारी शेजारी. एक चिडलेला, एक हसरा. पापणी लवते ना लवते तोच दोन्ही नाहीसे होतात आणि एकाच्या जागी एक टिंब उरतं. टिंब ज्या बाजूला दिसेल त्या बाजूचं बटण दाबायचं. ज्याची नजर आधीच चिडलेल्या चेहऱ्यावर गेलेली असते, त्याला तिकडचं टिंब चटकन सापडतं. कुणाची नजर हसऱ्याकडे जाते. आपलं आपल्याला कळत नाही. बोट सांगतं.

"मग तुझी कुठं गेली?" मी विचारलं.

"कुठं जाणार? तुझी जाते तिकडंच."

ती लहानपणापासून स्वतःला वडिलांची मुलगी समजत आली होती. हसताना तिच्या डाव्या गालाला खळी पडते, ती मिस्टरांची. मोठ्याने बोलते, ती सवयही त्यांची. आमच्या घरात एकमेकांना लागतील अशा गोष्टी हसत हसत बोलायची रीत आहे, आणि त्यात बाप-लेक एका बाजूला आणि मी दुसऱ्या बाजूला, अशीच वाटणी होती. मिस्टर म्हणायचे, "तुझ्या आईला सोन्याच्या ताटात वाढलं तर ही आधी ताटाला पोचा कुठंय ते बघेल." मुलगी म्हणायची, "पप्पा, आणि पोचा नाही सापडला तर जेवणार नाही." दोघं हसायचे. मी भाकरी उलटायची.

त्या संध्याकाळी तिने मोबाइलवर माझ्या चुलतदिराच्या मुलाच्या लग्नातला घरच्यांचा फोटो उघडला आणि मिस्टरांच्या पुढे धरला. "पप्पा, पटकन. पहिल्यांदा काय दिसलं?"

"जिलबी," मिस्टर म्हणाले. "माझ्या हातात जिलबी हाय बघ. अरे, किती बारीक होतो मी!"

मग माझ्यापुढे धरला. मी म्हटलं, "मागच्या रांगेतली ती बाई रडून आलीय."

मिस्टरांनी फोटो मोठा करून पाहिला. "कोण? ही? हसतेय की."

"डोळे सुजलेत तिचे."

मुलीने मोबाइल बंद केला. ती हसली नाही. मला वाटलं, माझी चेष्टा करायची तिची आज इच्छा नसेल. पुष्कळ वेळाने कळलं की तिलाही आधी तीच बाई दिसली होती.

माझ्या या नजरेवर आमचं घर काही वर्षं अर्धं चाललं. द्राक्षाच्या हंगामात मी दिंडोरीच्या बाजूला एका पॅकहाऊसवर जायचे. सकाळी पिकअप गाडी यायची, त्यात आम्ही बायका उभ्याने. परदेशी जाणारे घड टेबलावर येतात. घड देठाला धरायचा, मण्याला बोट लावायचं नाही, कारण मण्यावर पावडरीसारखा पांढरट थर असतो आणि तो पुसला की माल मार खातो. दुसऱ्या हातात छोटी कात्री. तडकलेला मणी, डाग पडलेला मणी, मऊ पडलेला, वाढ खुंटलेला, सगळे कापून काढायचे. चांगल्या मण्यांकडे बघायचंच नाही, बघितलं तर उशीर होतो. बाकीच्या बायकांना ते शिकायला लागायचं. मला पहिल्याच दिवशी यायला लागलं.

सुरगाण्याकडची एक बाई माझ्या शेजारी असायची. ती म्हणायची, "हिच्या हातात घड गेला की मला त्याची दया येते." सुपरवायझर माझी क्रेट कधी उघडून तपासत नसे. पण हंगाम संपल्यावर बायका एकमेकींच्या घरी हळदीकुंकवाला जायच्या, तेव्हा मला कुणी बोलावत नसे. एकीने सांगितलंसुद्धा, "तुम्ही आलात की माझ्या घरातली जळमटं मलाच दिसायला लागतात." मी तिच्याकडे एकदाच गेले होते. जळमटाबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. नुसतं वर बघितलं होतं.

ही नजर माझ्या आईची. आईचं गाव घोटीकडचं, भाताचं. आई कुणाचं वाईट चिंतायची नाही, पण तिला वाईट आधी दिसायचं आणि दिसलं की ती बोलायची. मी लहान असताना शेजारच्या घरात बाळ झालं. आई बघायला गेली. सगळ्या बायका बाळाच्या जावळाचं कौतुक करत होत्या. आई म्हणाली, "ह्याची टाळू बसली हाय गं. जुलाब होतात का?" बाळाच्या आजीने तिला हाताला धरून बाहेर काढलं. दोन दिवसांत ते बाळ गेलं. जुलाबानेच गेलं. पण गावात असं ठरलं की माझ्या आईची जीभ काळी. त्यानंतर बाळंतिणीच्या घरापुढून आई निघाली की आतून दार लोटलं जायचं. हळदीच्या नवरीजवळ तिला बसू देत नसत. तिच्यासाठी पान वेगळ्या पंगतीला, शेवटी. ती जेवून घरी यायची आणि सांगायची, "भात कच्चा होता." ते खरंच असायचं. मला तेव्हा तिची लाज वाटायची.

मला बघायला आले तेव्हा मिस्टरांच्या आईने नाव विचारलं, शिक्षण विचारलं, मग म्हणाली, "जीभ काढ गं बाहेर." तसं करतात. जिभेवर काळा ठिपका असला की ते वाण मुलीतही उतरलंय असं धरतात. खोलीभर माणसं होती. मिस्टर समोरच्या खुर्चीत होते. मी जीभ काढली. सासूने मला उजेडाकडे वळवून, हनुवटीला धरून नीट बघितली. वैद्य बघतो तशी नव्हे, बैलबाजारात बघतात तशी. "साफ हाय," ती म्हणाली आणि सगळे हसले. मिस्टरही हसले. अजून ते ही गोष्ट पाहुण्यांना गंमत म्हणून सांगतात. जीभ साफ निघाली. डोळे बघायचं कुणाला सुचलं नाही.

मुलगी शेवटच्या वर्षाला असताना कॉलेजात पालकांना बोलावलं होतं. मिस्टरांची कंपनीत दुसरी पाळी होती म्हणून मला जावं लागलं. मी मागच्या बाकावर बसले होते, तर मुलीने मला हाताला धरून तिच्या मॅडमपुढे उभं केलं. "मॅडम, हीच माझी आई. मी सांगितलं होतं ना?" काय सांगितलं होतं ते मला माहीत नव्हतं. मॅडमच्या चेहऱ्यावरून कळलं.

मॅडम वाईट नव्हत्या. त्यांच्या पदराला शाईचा डाग होता. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली आणि सावकाश समजावलं. म्हणाल्या, "काहींची नजर जन्मापासूनच धोक्याकडे, रागाकडे आधी वळते. त्यातला थोडा भाग रक्तातून येतो. आईवडिलांकडून रंग, उंची येते तसाच. पण तो नुसता कल असतो, नशीब नव्हे. एखाद्या माणसाकडे बोट दाखवून, हे अमक्याकडूनच आलं, असं कुणी खात्रीने सांगू शकत नाही. आणि आणखी एक, अशा मुलांना वाईटाचा त्रास जास्त होतो, तसा माया मिळाली तर तिचा गुणही जास्त येतो, असंही काही जण मानतात."

बसमध्ये मुलगी खिडकीशी बसली. सिटी बस गर्दीची होती. दोन थांबे गेल्यावर ती म्हणाली, "ऐकलंस ना? रक्तातून येतं."

"त्या आणखी पण काही बोलल्या," मी म्हटलं.

"काय?"

मला ते बरोबर शब्दांत सांगता येईना. बाजूला माणसं उभी होती. मी म्हटलं, "मायेचं काहीतरी."

"ते तू आता सांगू नकोस," ती म्हणाली.

मी तिच्यावर माया केली नाही असं नाही. पण ती शाळेतून आली की मला आधी सुटलेली वेणी दिसायची, निकाल आला की गणिताचे मार्क दिसायचे, बाकीचे नाही. ताप उतरला तर मी म्हणायचे, पुन्हा चढेल. ते प्रेमच होतं. पण ते तिला दिसावं तर तिची नजरही माझीच. तिला माझ्या चेहऱ्यावरची आठी दिसायची.

पुढे तिचं लग्न झालं. इंदिरानगरला चांगलं घर मिळालं, जावई कचेरीत कारकून, शांत. विहीणबाई बोलक्या. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मुलीला दिवस गेले. डोहाळजेवण त्यांच्याकडे झालं. मी घरी आल्यावर आतली खोली रिकामी केली, खिडकीला जाळी लावून घेतली. जुन्या मऊ साड्या धुऊन दुपटी शिवायला काढली. डिंक भाजून ठेवला. मिस्टर म्हणाले, "आता घरात रडारड होणार," आणि आनंदाने शीळ घालायला लागले.

ती एका दुपारी एकटीच आली. खोलीच्या दारात उभी राहून तिने सगळं बघितलं. मग म्हणाली, "आई, मी बाळंतपणाला येत नाहीये."

मला वाटलं विहीणबाई नको म्हणाल्या. मी तसं विचारलं.

"त्या म्हणतात जा. मीच नाही म्हटलं."

"का?"

तिने पाट ओढून घेतला आणि बसली. पोट मोठं होतं, बसताना तिला त्रास झाला. तो मला दिसला आणि मी म्हटलं, "पाय सुजलेत तुझे."

"बघ," ती म्हणाली. "बघ, हेच. आल्याबरोबर तुला माझे पाय दिसले."

"सुजलेत म्हणून बोलले."

"आई, बाळ पहिले महिने दुसरं काही करत नाही. चेहरे बघतं. जवळच्या माणसाचा चेहरा वाचतं आणि त्यावरून ठरवतं की जग कसं आहे. इथं आले तर ते दिवसभर तुझा चेहरा बघणार. रक्तातून आलं असेल ते आलं, त्याला माझा इलाज नाही. पण वर आणखी तू समोर नको."

मी म्हटलं, "मग तुझा चेहरा?"

"मी हसायची प्रॅक्टिस करते," ती म्हणाली. "रोज. आरशासमोर."

तिने मला करून दाखवलं. खळी पडली. डोळे तसेच होते. तिला माझ्या तोंडावरून कळलं. ती उठली, पर्स घेतली. मी डिंकाचा डबा पुढे केला, तो तिने घेतला. जिन्यावरून ती सावकाश उतरत होती. मी वरून बघत होते आणि मला तिच्या चपलेचा सुटत आलेला पट्टा दिसत होता. मी हाक मारली नाही.

मिस्टरांना रात्रीच्या जेवणाला सांगितलं. ते म्हणाले, "चांगलंय की. तिच्याकडं ए.सी. हाय." मग त्यांनी आमटी मागितली. मिस्टरांना माझं रडणं आजवर कधी दिसलेलं नाही. ते दुर्लक्ष करतात असं नाही. त्यांची नजर तिकडे जातच नाही. मुलगी त्यांना देवमाणूस म्हणते.

मुलगी झाली. दवाखान्यात मला काचेतून दाखवली. मिस्टर म्हणाले, "पेढा आहे पेढा." त्यांना आत घेतलं. मी विहीणबाईंच्या मागे उभी होते. घरी नेल्यावर पाचवीच्या पूजेला मात्र मला बोलवावं लागलं, कारण बाळाची झबली-टोपडी, दुपटी, लाडू, असा सगळा बाळंतविडा आईकडूनच येतो.

मी बाळंतविडा घेऊन गेले. त्यांच्या सोफ्यावर अजून प्लास्टिक होतं. बाळंतिणीच्या खोलीचे पडदे ओढलेले होते, आत एक बारका पिवळा दिवा. विहीणबाईंनी पाटा मांडला होता, सटवाईच्या पूजेची तयारी होती. त्यांची नणंद, शेजारच्या दोघी-तिघी, सगळ्या दाटीने बसल्या होत्या. मुलगी पलंगावर होती. तिने मला बघून हसून दाखवलं, आरशासमोर केलं होतं तसंच.

"द्या बाई आजीच्या मांडीवर," कुणीतरी म्हटलं.

मुलीने विहीणबाईंकडे बघितलं. विहीणबाईंनी बाळ माझ्या मांडीवर ठेवलं. फार हलकं. डोक्याला टोपडं, अंगाला दुपट्याची गुंडाळी, नुसतं तोंड उघडं. मी स्वतःशी ठरवून आले होते की आधी नाक बघायचं, कुणासारखं आहे ते बोलायचं. बाळाने डोळे किलकिले केले. मी नाक बघितलं नाही. डोळ्यातला पांढरा भाग पांढरा नव्हता. मी पडदा थोडा सरकवला. अंगठ्याने कपाळ हलकंच दाबून सोडलं. दाबल्या जागी पिवळं.

मला माहीत होतं की आता बोललं की काय होणार. एक क्षण वाटलं, नाकाचं बोलावं आणि उठावं. मग माझं तोंड उघडलं. "बाळ पिवळं दिसतंय. डॉक्टरांना दाखवलं का?"

विहीणबाईंची नणंद म्हणाली, "अगंबाई."

"दिव्याचा उजेड आहे तो," विहीणबाई म्हणाल्या. "आणि आमच्याकडे सगळे गव्हाळच."

"डोळे पिवळे आहेत."

विहीणबाईंनी बाळ उचलून घेतलं. त्या हसत होत्या, पण हात घट्ट होता. "विहीणबाई, आज सटवाई यायचीय बाळाच्या कपाळी लिहायला. तिच्या आधी तुम्हीच लिहू नका."

बायका हसल्या. एकीने तोंडाला पदर लावला.

मी मुलीकडे बघितलं. ती बाळाकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. आणि तिला धक्का बसलेला नव्हता. बाळ पिवळं आहे म्हटल्यावर आई बाळाकडे बघते. ती बघत नव्हती.

"आई, झालं का तुझं सुरू?" ती सगळ्यांदेखत म्हणाली. "पाच मिनिटं तरी दम धरायचा."

जावई दारात उभे होते. ते भित्रे आहेत. त्यांनी गाडीची किल्ली घेतली.

दवाखान्यात बाळाला ठेवून घेतलं. निळ्या दिव्याखाली, उघडं, डोळ्यांवर पट्टी बांधून. डॉक्टर म्हणाले, "पुष्कळ बाळांना होते ही कावीळ, घाबरू नका. आणलंत ते बरं केलंत." एवढंच म्हणाले. विहीणबाई बाहेरच्या बाकावर बसून एकेका नातेवाइकाला फोन लावत होत्या, आणि प्रत्येकाला तेच सांगत होत्या, "चांगली खेळत होती हो. तिची आजी आली, मांडीवर घेतलं, कपाळाला अंगठा लावला, आणि बघा, दवाखाना." मी समोरच बसले होते. त्या आवाज कमी करत नव्हत्या.

मिस्टर आले. त्यांनी काचेतून बघितलं आणि म्हणाले, "निळ्या उजेडात काय छान दिसतेय."

संध्याकाळी विहीणबाई चहाला खाली गेल्या. मुलगी भिंतीला टेकून बसली होती. टाके ओले होते, धड बसताही येत नव्हतं. मी तिच्या पाठीला माझी शाल घडी करून लावली. तिने लावू दिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला परवाच दिसलं होतं."

"काय?"

"डोळे. परवा दूध पाजताना. पडदे मीच ओढायला लावले."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, हे बाळात नाही, माझ्यात आहे. तुझं मला व्हायला लागलंय. मी ठरवलं, बघायचं नाही. चांगलं बघायचं. तिची बोटं बघायची. दोन दिवस मी तिची बोटं बघत बसले."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिने मान बाजूला घेतली.

"त्यांना सांगू नकोस," ती म्हणाली. "मला आधी दिसलं होतं म्हणून."

"नाही सांगत."

"तुला ते बोलणारच. तुला सवय आहे."

विहीणबाई वर आल्या तेव्हा आम्ही लांब लांब बसलो होतो.

बाळ बरं होऊन घरी गेलं. बारशाच्या आधी मुलीचा फोन आला. घरात सगळ्यांना वाटतं की आईने बारशाला येऊ नये. सगळ्यांना म्हणजे कुणाला, ते मी विचारलं. ती म्हणाली, "मलाही." मिस्टर नवा शर्ट घालून गेले. येताना पेढे घेऊन आले. बाळाला पाळण्यात घालताना मामी-आजी कुणी नव्हतं, तर विहीणबाईंच्या नणंदेनेच पाळणा म्हटला, फार छान म्हटला, असं त्यांनी सांगितलं. कुणी माझी चौकशी केली का, असं मी विचारलं. ते आठवायला लागले. मग म्हणाले, "मसालेभात एक नंबर होता."

त्यानंतर मुलगी मला फोन करायला लागली. दुपारी, सासू झोपल्यावर, व्हिडिओवर. पहिल्यांदा मला वाटलं तिला माझी आठवण आली. तिने कॅमेरा बाळाकडे फिरवला आणि हळू आवाजात म्हणाली, "नीट बघ. काही दिसतंय का?"

मी बघितलं. डोळे, नखं, पोट वर-खाली होताना. काही नव्हतं. मी सांगितलं. तिने लगेच फोन ठेवला. पुन्हा दोन-तीन दिवसांनी फोन. ती स्वतः कधी समोर येत नसे. तिचा अंगठा तेवढा दिसे, दुपटं बाजूला करताना. "कानामागं बघ. बेंबी बघ. जिभेवर पांढरं आहे ते दुधाचंच ना?" माझी नात मला अशी तुकड्या-तुकड्यांनी माहीत आहे. पूर्ण मी तिला मांडीवर घेतली ती पाचवीलाच, आणि तेव्हा डोळ्यांच्या पुढे गेलेच नाही. तरी मी दुपारी मोबाइल चार्ज करून ठेवायची. लेकीचा फोन येतो हे मला पुरेसं होतं. मी कुणाला सांगितलं नाही.

गेल्या महिन्यात असाच फोन आला. मिस्टरांची दुसरी पाळी होती, ते घरी होते, माझ्या मागे उभे राहून शर्टाची बटणं लावत होते. मुलीने बाळाची मान दाखवली. मानेच्या वळीत लाल पुरळ होतं.

"घामोळं का गं हे?"

"जवळ आण," मी म्हटलं. "कडेला पाणी धरलंय का?"

"नाही वाटत. थांब, उजेडात धरते."

"बोटाने ताण जरा कातडी."

तेवढ्यात मिस्टर मागून ओरडले, "अरे, हसली! हसली की! खळी पडली!"

"कधी?" मी म्हटलं.

"कधी?" मोबाइलमधून मुलगी म्हणाली. आम्ही दोघी एकदमच बोललो.

मिस्टर जोराने हसले. "आता! तुमच्या नाकासमोर! दोघी कुठं बघताय?" मग माझ्या खांद्यावरून वाकून मोबाइलमध्ये तोंड घालून म्हणाले, "खाण तशी माती गं बाई, खाण तशी माती. एक इथं, एक तिथं."

मोबाइलवर बाळ होतं, मग छत आलं, पंखा आला. मग मुलीचा चेहरा आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. ती हसायची प्रॅक्टिस करत नव्हती. माझ्या आईला वेगळ्या पंगतीला बसवायचे तेव्हा मी तिच्याकडे जशी बघायची, तशी ती माझ्याकडे बघत होती. मग फोन बंद झाला.

आता ती मिस्टरांच्या मोबाइलवर फोन करते. ते बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसून बोलतात. मला बोलावू नका असं तिने त्यांना सांगितलं असावं, कारण ते उठून दार लोटून घेतात. दारातून त्यांचं हसणं ऐकू येतं. बोलणं झालं की ते आत येतात आणि सगळं सांगतात, त्यांच्या मनात काही नसतं. आज हसली. आज हुंकार दिला. आज माझं नाक धरायला बघत होती मोबाइलमधून.

"मानेवरचं गेलं का?" मी विचारते.

"कुठलं?"

"पुरळ होतं मानेवर."

"ते मी नाही बघितलं," ते म्हणतात.